बिनसुईची डॉक्टरीण

माझ्या शैलजावहिनीबद्दल कुणी चांगलं बोललं, की मला संशय येतो. एकतर तो माणूस तिला ओळखत नसावा, नाहीतर त्याला माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असावं. जे ओळखतात ते सगळे तिच्याशी भांडून वेगळे झालेत. माझी आई, घरमालक, दूधवाला, जयंतच्या स्क्वाड्रनमधल्या निम्म्या बायका. मी तर तिच्याच घरात राहून, तिच्याच हातचं खाऊन तिच्याशी भांडले.

जयंत माझा थोरला भाऊ. हवाई दलात होता, मालवाहू विमान घेऊन लेहला जायचा. त्याची बदली चंदीगडला झाली आणि पुढच्याच वर्षी मला तिथल्या विद्यापीठात एम.फार्म.ला प्रवेश मिळाला. मिरजेहून निघताना आई म्हणाली, "पंजाबात काय चाललंय ते पेपरात रोज येतंय, पण मला त्याची भीती नाही वाटत. तुझं तिच्याशी कसं जमेल याची वाटते." आईची भीती खरी ठरली. नव्वद सालचं पंजाब मला एकवेळ सोसलं. नाक्यावरची वाळूची पोती, बसमध्ये चढून पिशव्या उघडायला लावणारे शिपाई, सीटखाली बेवारस डबा दिसला तर हात लावू नका म्हणून भिंतीभिंतीवर लावलेली पत्रकं, या सगळ्याची सवय झाली. वहिनीची झाली नाही.

ती नागपूरची. तिथल्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलेली आणि वर्गात बहुतेक सगळे मुलगेच असल्यामुळे बोलायला तिथेच शिकली असावी. नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुणी दोन शब्द बोललं तर चार ऐकवायची, आणि न बोलणाऱ्याला "काहून, तोंडात गुळणी धरली काय?" म्हणून डिवचायची. सेक्टर बावीसच्या मागच्या गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानामागे तिने भाड्याची खोली घेतली होती. दारावर पाटी होती, आत एक टेबल, एक कपाट आणि फिनेलचा वास. कोठ्यांमधून, म्हणजे तिथल्या बंगल्यांमधून, राहणारी माणसं कुत्री घेऊन येत, आणि ती कुत्र्यांपेक्षा मालकांवरच जास्त गुरगुरायची. त्यामुळे ते गिऱ्हाईक फार टिकलं नाही. टिकले ते घोडीवाले, कारण त्यांना जाण्यासारखं दुसरं ठिकाण जवळ नव्हतं.

घोडीवाले म्हणजे लग्नात नवरदेवाला मिरवायला पांढऱ्या घोड्या देणारे. शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात त्यांची एक ओळ होती. समोर अंगण, मागे तबेला, अशी लागून लागून घरं. रघुवीर हा त्यांच्यातला म्होरक्या. उंच, वाळलेला, साठीच्या पुढचा, आणि वहिनीइतकाच तिरसट. त्याच्याकडे पूर्वी चार घोड्या होत्या, त्या वर्षी एकच उरली होती, लाडो. पायापासून शेपटीपर्यंत पांढरी, अंगावर एक डाग नाही. ढोलताशाच्या गोंगाटात, डोक्यावर फटाके फुटत असताना ती निवांत उभी राहायची, म्हणून लोक तिलाच मागायचे. रघुवीरचं सगळं घर त्या एका घोडीवर चालायचं.

आणि तो हंगाम विचित्र होता. अतिरेक्यांच्या भीतीने अंधार पडायच्या आत घरी पोचायची सगळ्यांनाच घाई, म्हणून लग्नं उजेडात व्हायला लागली होती. पूर्वी वराती रात्रभर चालायच्या, त्या आता दुपारच्या उन्हात उरकायच्या. त्यामुळे सगळ्यांना घोडी एकाच वेळी हवी. लाडो एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात पळवली जायची, घाम पुसायलाही कुणाला सवड नव्हती.

डिसेंबरात लाडोच्या नाकातून पिवळं पाणी यायला लागलं. ताप आला, चारा सुटला आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ धरली. रघुवीर वहिनीला घेऊन गेला. मला हे कळलं ते रात्रीच्या जेवणावर, कारण वहिनीला जेवताना घोड्यांच्या शेंबडाबद्दल बोलायला फार आवडायचं.

"गळ्याच्या गाठींचा रोग आहे," तिने आमटी वाढता वाढता सांगितलं. "जंतू नाकातून शिरते, जबड्याखालच्या गाठीत ठाण मांडते. गाठीत पू होतो, ती पिकते, फुटते आणि घोडा मोकळा होतो. तोवर शेक द्यायचा, वाफ द्यायची, मोकळ्या हवेत ठेवायचं आणि बाकीच्या घोड्यांपासून दूर बांधायचं."

"आणि पेनिसिलिन?" मी विचारलं. त्याच आठवड्यात मी त्यावर सेमिनार दिला होता.

"गाठ दिसायच्या आधी कोणी बोलावलं असतं तर दिलं असतं. आता गाठ धरली. आत पू भरला की तिथवर औषध धड पोचत नाही. सुई दिली की ताप उतरते, गाठ दबते, मालक खूश. सुई बंद केली की गाठ परत वर. उद्या फुप्फुसात उतरलं तर मीच देईन. आज नाही."

"पुस्तकात असं सरसकट लिहिलेलं नाही, वहिनी."

"मग पुस्तकालेच पाठव मनीमाजऱ्याला शेक द्यायला," ती म्हणाली, आणि मला न विचारता भाताचं पातेलं उचलून घेऊन गेली. जयंत खाली मान घालून जेवत राहिला. त्या घरात त्याला तेवढंच एक काम नेमून दिलेलं होतं.

तिकडे मनीमाजऱ्यात तिने रघुवीरलाही हेच सांगितलं, फक्त जास्त वाईट शब्दांत. चारा उंच गव्हाणीत टाकायचा नाही, जमिनीवर टाकायचा, म्हणजे मान खाली राहते आणि नाकातलं बाहेर वाहून जातं. कोरडा भुसा बंद, त्याची धूळ छातीत जाते. सगळं भिजवून द्यायचं. तबेल्यात शेकोटी बंद, दार उघडं. पोत्यात गरम कोंडा भरून, त्यावर निलगिरीचं तेल टाकून तोंडाखाली धरायचं. आणि महिनाभर काम नाही, एकही लग्न नाही.

रघुवीरने सगळं ऐकून घेतलं आणि सुईचं विचारलं, "टीका कब लगेगा?"

"टीका नहीं लगेगा."

"तो फिर आप डॉक्टर किस बात की?"

यावर तिने काय उत्तर दिलं ते मला तिनेच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं, की त्यानंतर घोडीवाल्यांच्या ओळीत तिचं नाव 'बिना टीके वाली' पडलं. बायका तिला पाहून दार लोटून घ्यायला लागल्या. आणि रघुवीरने तिची पाठ वळताच जवळच्या खरड गावाहून कृष्णा नावाच्या कंपाउंडरला आणवून लाडोला तीन सुया टोचवल्या. ताप उतरला. गाठ बसली. लाडो चारा खायला लागली. रघुवीरने तिच्या डोक्यावर तुरा बांधला आणि पुन्हा लग्नं धरली.

हे कळलं माझ्यामुळे. सेक्टर बावीसच्या बाजारात मी फायली घ्यायला गेले होते. भर दुपारी एका गल्लीतून बँड वाजत होता आणि मध्ये लाडो उभी, गळ्यात मणी, पाठीवर जरीची झूल. पंजाब्यांकडे नवरदेव घोडीवर चढला, की त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवतात. बहीण लाडोच्या तोंडाशी थाळी धरून उभी होती. लाडोने डाळीत नाक खुपसलं, फुरफुरली, आणि नाकातली पिवळी तार थाळीत पडली. कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे फोटोसाठी दात दाखवत होते. मग रघुवीर पुढे आला, उरलेली डाळ त्याने एका लाल फडक्यात बांधली, फडकं कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं.

मी शेजारच्या बाईंना विचारलं, उरलेली डाळ कशाला नेतात? त्या म्हणाल्या, ती शगुनाची असते, टाकत नाहीत. घोडीवाला ती घरी नेऊन ओळीतल्या सगळ्या घोड्यांना थोडी थोडी चारतो, म्हणजे सगळ्यांना कामं मिळतात.

मी घरी गेले ती थेट स्वयंपाकघरात. खोटं कशाला सांगू, घोड्यांची काळजी वाटून नाही गेले. वहिनीने दुसऱ्या टोकाला बांधून ठेवायला सांगितलेली घोडी बाजारात नाचतेय, हे तिला आपल्या तोंडाने सांगण्याचं सुख मला सोडवेना. तिने बादल्या वेगळ्या केल्या होत्या, पाणी वेगळं केलं होतं, खरारा करायचे ब्रशसुद्धा वेगळे केले होते. डाळीचं तिला ठाऊकच नव्हतं. आमच्या लग्नांत असलं काही नसतं, आणि कुणाला काही विचारून घेणं हे तर तिच्या स्वभावातच नव्हतं.

ऐकल्यावर तिने हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं. "आणि तू काय करून राहिली होती तिथे? पाहत होती? धक्का मारून थाळी पाडायची होती ना!"

आभार मानणं लांबच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

तोवर ओळीतल्या इतर घोड्यांची नाकं वाहायला लागलीच होती. वहिनी तिथे गेली आणि भर अंगणात उभी राहून ओरडली, की तुमचं हे शगुन म्हणजे गटार आहे, ही डाळ जाळा, ही थाळी जाळा. मी बरोबर नव्हते, पण तिच्या स्कूटरची काच फुटून आली, तेव्हा काय झालं असेल ते कळलं. रघुवीरच्या बायकोने म्हणे पदर पसरून शाप दिला. आणि रघुवीर शांतपणे म्हणाला, "डॉक्टरनी जी, ज़माना ख़राब है। आप अकेली आती-जाती हो। अब मत आना।"

हा सल्ला होता की धमकी, यावर जयंत आणि वहिनी रात्रभर भांडले. शेवटी जयंतने आवाज चढवला, जो तो कधी चढवत नसे. तिथे पुन्हा एकटीने जायचं नाही, असं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि सकाळी ड्यूटीवर निघून गेला.

पण बोलवायची वेळ रघुवीरवरच आली. जानेवारीत एका सकाळी मी वहिनीच्या खोलीवर डबा द्यायला गेले, तर तो दारात सायकल धरून उभा. नमस्कार नाही, रामराम नाही. "चलो," एवढंच म्हणाला. लाडोची गाठ परत आली होती, पण आता जबड्याखाली नाही, आणखी मागे, घशापाशी. कृष्णाने पुन्हा सुया दिल्या, या वेळी काही फरक पडला नाही, मग कृष्णा यायचाच बंद झाला. घोडीला श्वास घेता येत नव्हता.

"मर गई तो?" वहिनीने विचारलं. असं विचारतं का कुणी!

"मर गई तो पूरे शहर को बताऊँगा किसने मारी," तो म्हणाला.

"और बच गई तो?"

त्याने सायकल रस्त्याकडे वळवली. वहिनीने पिशवी उचलली आणि माझं मनगट धरलं. "चल. एकटीने जायचं नाही ना? तुझ्या भावाचा हुकूम आहे." माझं दुपारी प्रॅक्टिकल होतं. ते तिला सांगून उपयोग नव्हता.

आम्ही मनीमाजऱ्यात पोचून तास होतो न होतो, तोच शहरात कुठेतरी स्फोट झाल्याची बातमी आली आणि संचारबंदी लागली. पोलिसांची जीप भोंगा वाजवत गेली. परत जायचा रस्ता बंद झाला. ज्या घरात आमचं तोंड पाहायची कुणाची इच्छा नव्हती, त्याच घरात आम्ही अडकलो.

लाडोला मी त्या दिवशी ओळखलं नाही. मान पुढे ताणलेली, नाकपुड्या फाकलेल्या, घसा सुजून टम्म झालेला. प्रत्येक श्वासाला करवत ओढल्यासारखा आवाज येत होता, आणि तो आवाज घरात, अंगणात, बाहेर रस्त्यावर, सगळीकडे ऐकू येत होता. वहिनीने गाठ चाचपली, कान लावून छाती ऐकली. "फुप्फुसं अजून साफ आहेत," ती म्हणाली. "गाठ पिकायला पाहिजे. पिकून बाहेर फुटली तर वाचली."

तिने अळशी वाटून मागितली. रघुवीरच्या सुनेने पाट्यावर वाटून, शिजवून वाटी जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही. ते गरम पोटीस फडक्यावर पसरून गाठीवर बांधायचं, थंड झालं की बदलायचं. मी पाणी तापवत होते, वहिनी बांधत होती. मध्ये मध्ये कोंड्याची वाफ. कपडे निलगिरीने आणि पूने इतके वास मारत होते, की मला माझीच किळस यायची. आम्हाला कुणी चहा विचारला नाही. दुपारी रघुवीरच्या बायकोने दोन रोट्या आणि लोणचं आणून कठड्यावर ठेवलं, कुत्र्याला ठेवावं तसं. वहिनीने खाल्लं. मीही खाल्लं, भूक लागली होती.

रघुवीर दिवसभर तबेल्याच्या दारात बसून राहिला. तो आता सुईचं नाव काढत नव्हता. आता त्याने दुसरंच धरलं होतं. "लोहा नहीं लगने दूँगा," तो सारखा म्हणायचा. "सेक दो, पट्टी दो, जो देना है दो। अपने आप फूटने दो। लोहा नहीं।"

"पागल झाला हा बुढा," वहिनी मला मराठीत म्हणाली. "जे मी महिनाभर आधी बोंबलून सांगत होते ते आता मलेच शिकवते." चाकूला घाबरणारे मालक तिने खूप पाहिले होते. तिला वाटलं, हाही त्यातलाच. का नाही लोखंड, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही, पण मला तेव्हा फक्त घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ मऊ पडली होती. वहिनीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. "आली," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत फुटेल." रघुवीर उठून उभा राहिला. मला वाटतं त्या एका घटकेला त्या दोघांचं भांडण नव्हतं. त्याने स्वतः कोंडा आणून दिला, स्वतः लाडोची मान धरली आणि तिच्या कानात पंजाबीत काहीतरी पुटपुटत राहिला.

ऊन डोक्यावर आलं आणि लाडो गुडघ्यांवर आली. करवतीचा आवाज थांबला. थांबला म्हणजे श्वासच जाईना. जीभ निळी पडली. वहिनी ओरडली, "मान वर धर, रागिणी!" मी धरली. रघुवीरला दिसलं, तिने पिशवीतून काय काढलं ते. तो मध्ये आला. "नहीं," तो म्हणाला, "नहीं, डॉक्टरनी जी, बस थोड़ा और..." तिने त्याला कोपराने ढकललं. साठीच्या पुढचा माणूस भिंतीवर आपटला. आणि तिने गाठीत पातं घातलं.

जे बाहेर आलं ते लिहीत नाही. बादलीभर होतं. लाडो थरथरली, खोकली, आणि मग तिने श्वास घेतला. मोठा, ओला, लांब श्वास. मग दुसरा. मी तिच्या मानेला मिठी मारून रडत होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच वहिनीचा अभिमान वाटत होता. वहिनी मिठाच्या पाण्याने जखम धूत होती आणि हसत होती. खरंच हसत होती, लहान मुलीसारखी.

मागे वळून पाहिलं तर रघुवीर भिंतीशी तसाच बसला होता, आणि दारात त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी होती. आम्हाला वाटलं, आनंदाने.

"बच गई," वहिनीने त्याला सांगितलं. "बिना टीके के बच गई. अब बोलो."

त्याने लाडोच्या गळ्याखालून ओघळणारं रक्त पाहिलं. मग म्हणाला, "बच गई, पर अब घोड़ी नहीं रही।"

त्यांच्या ओळीत रीत होती. ज्या जनावराच्या अंगात लोखंड शिरलं, त्याच्या पाठीवर नवरदेव बसत नाही. गाठ आपोआप फुटली असती तर हरकत नव्हती. रोग देवाचा, पण चीर माणसाची. चिरलेली घोडी म्हणजे खंडित, ती शगुनाला चालत नाही.

वहिनीला वाटलं, तो थट्टा करतोय. मग कळलं, की नाही. "अरे, गळ्याखाली आहे! दिसणार पण नाही! मण्यांची एक माळ बांधली की झाकून जाईल!"

रघुवीर भिंतीला धरून उठला. "आपको छुपाना आता होगा," तो म्हणाला. "किसी के बेटे को बिठाऊँ और झूठ बोलूँ? हमसे नहीं होगा।"

मला त्या माणसाचा इतका राग आला, की त्याला हलवून सोडावंसं वाटलं. जित्या घोडीला मेली म्हणतो! डोळ्यांसमोर उभी आहे, श्वास घेतेय, आणि हा माळेखाली झाकली जाईल एवढ्या चिरेसाठी तिला निकालात काढतो. आणि जी बाई दोन दिवस गुडघ्यांवर बसून राहिली, तिला पाणीसुद्धा विचारत नाही. आजही मला तो राग येतो. पण तो खोटं बोलला नाही, हे मलाही नाकारता येत नाही. एका माळेने त्याचं घर वाचलं असतं, आणि त्याने ती बांधली नाही.

संध्याकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली, तेव्हा आम्ही निघालो. नाक्यावर शिपायाने वहिनीची पिशवी उघडायला लावली. रक्ताने माखलेलं पातं पाहून तो दचकला. "जनावरों की डॉक्टर हूँ," ती म्हणाली, इतक्या हळू आवाजात, की त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

घरी आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. ओट्याशी पाठमोरी उभी राहून, पाण्याचा नळ चालू ठेवून. "आणखी थोडं थांबले असते तर फुटली असती काय गं?"

मी फार्मसीची विद्यार्थिनी. तोवर मी तिला प्रत्येक प्रश्नावर पुस्तकातलं उत्तर फेकून मारलं होतं. या वेळी नाही फेकलं. मेली असती, असं म्हणता आलं असतं. कदाचित ते खरंही होतं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही जेवून घ्या." ती जेवली नाही.

त्यानंतर ती बदलली वगैरे काही नाही. ओळीतल्या बाकीच्या घोड्यांच्या गाठी शेक घेऊन आपोआप फुटल्या आणि त्या सगळ्या बऱ्या झाल्या, बिनसुईच्या, बिनपात्याच्या. त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही. त्यांच्यासाठी ती लाडोला चिरणारी बाई होती. तिनेही मागितलं नाही, उलट ओळीतल्या आणखी दोघांशी नव्याने भांडून आली. फरक एकच पडला, की ती आता घोडीवाल्यांना आधी प्रश्न विचारायची. तेही इतक्या उद्धटपणे, की उत्तर द्यायचं सोडून माणसं निघून जायची.

उन्हाळ्यात जयंतची जोरहाटला बदली आली. सामान बांधायच्या दिवसांत झिरकपूरकडून एका म्हशीसाठी बोलावणं आलं, तर वहिनी मला मागे बसवून निघाली. रस्त्याच्या कडेला वीटभट्ट्या होत्या. समोरून विटांनी भरलेली गाडी येत होती. तिला एक घोडी जुंपलेली, लाल धुळीने माखलेली, पाठीवर आसुडाचे वळ. वहिनीने स्कूटर अशी थांबवली, की मी तिच्या पाठीवर आदळले. मला कळेना काय झालं. मग घोडीच्या गळ्याखाली भरून आलेल्या जखमेची रेघ दिसली.

रघुवीरने तिला विकलं होतं. दुसरं काय करणार होता? दाराशी बांधून तिला खायला कुठून घालणार होता?

वहिनी रस्ता ओलांडून गेली आणि गाडीसमोर उभी राहिली. गाडीवाला ओरडायला लागला. तिने पिशवीतून नळी काढली, कानाला लावली आणि लाडोच्या छातीवर ठेवून ऐकत राहिली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. लाडो तिला ओळखत होती की नाही, कोण जाणे. मान खाली घालून उभी होती. मी रस्त्याच्या या बाजूला उभी होते आणि मला त्या रघुवीरवर, त्या गाडीवाल्यावर, वहिनीवर आणि स्वतःवर थुंकावंसं वाटत होतं.

"बीमार है क्या?" गाडीवाल्याने घाबरून विचारलं. "बेचने वाले ने तो कहा था, ठीक है।"

वहिनीने नळी कानातून काढली. तिचे डोळे भरले होते, ते तिने बाहीने पुसले.

"बिलकुल ठीक है," ती म्हणाली. "साँस एकदम साफ़ है। बरसों खींचेगी।"

गाडीवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने हात जोडले, "शुक्रिया, डॉक्टर साहब," म्हणाला आणि लगाम झटकून गाडी पुढे घेतली. वहिनीचं निदान ऐकून तिचे आभार मानणारा तो माझ्या पाहण्यातला पहिलाच घोडीवाला.